पाठीवरचा चेस्ट नंबर आणि ६.९१ : लंडन २०१७च्या लांब उडीचं एक प्रकरण

११ ऑगस्ट २०१७, लंडन. जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची लांब उडी संपत आली होती. सर्बियाची इव्हाना श्पानोविच सहाव्या, म्हणजे शेवटच्या उडीसाठी रनअपच्या टोकाला उभी होती. काही मिनिटांपूर्वीपर्यंत ती तिसरी होती, आता चौथी. अमेरिकेच्या टियाना बार्टोलेटाने आपल्या शेवटच्या उडीत ६.९७ मीटर काढले होते आणि श्पानोविचची तोवरची सर्वोत्तम उडी होती ६.९६. फरक एका सेंटिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा.

ती धावली, उडी घेण्याच्या फळीवर पाय नीट पडला, उडी वैध असल्याचा पांढरा झेंडा वर गेला. नुसत्या डोळ्यांना उडी सात मीटरच्या घरातली वाटली. ज्यांनी थोडीफार लांब उडी पाहिली आहे त्यांना उडीचा अंदाज अंतरावरून नाही, उतरण्याच्या पद्धतीवरून येतो, आणि हे उतरणं चांगलं होतं. तिलाही तसंच वाटलं असणार. मग फलकावर आकडा आला : ६.९१.

चौथा क्रमांक कायम. ब्रिटनी रीस ७.०२, दार्या क्लिशिना ७.००, बार्टोलेटा ६.९७, श्पानोविच ६.९६. पहिल्या चौघींमध्ये मिळून सहा सेंटिमीटरांचं अंतर, त्यात तिघींच्या गळ्यात पदक आणि एकीच्या नाही. सर्बियाने तक्रार केली, ती फेटाळली गेली. कारण असं निघालं की श्पानोविचच्या पाठीवर लावलेला नंबर वाळूला टेकला होता आणि त्याची खूण तिच्या शरीराच्या खुणेपेक्षा फळीच्या जवळ होती. माप तिथून घेतलं गेलं.

आपल्याकडे मैदानावर त्या नंबराला 'चेस्ट नंबर' म्हणतात, मग तो छातीवर असो की पाठीवर. मी काही वर्षं तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत पिटजवळ, म्हणजे वाळूच्या खड्ड्याजवळ, टेप धरून उभा राहिलो आहे, त्यामुळे हे प्रकरण वाचलं तेव्हा पहिल्यांदा हसू आलं आणि मग पोटात खड्डा पडला. चेस्ट नंबर, सेफ्टी पिना आणि वाळू यांचा संबंध काय असतो हे मला ठाऊक आहे.

हरणारी कोण होती

हे प्रकरण एखाद्या नवख्या मुलीचं असतं तर विसरलं गेलं असतं. श्पानोविच तेव्हा २७ वर्षांची होती, सर्बियातल्या झ्रेन्यानिन गावची. २०१३ला मॉस्कोत जागतिक स्पर्धेत ६.८२ काढून तिसरी. २०१५ला बीजिंगमध्ये ७.०१ काढून पुन्हा तिसरी. २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये ७.०८ काढून पुन्हा तिसरी. सात मीटरच्या पुढे दोनदा जाऊनही कांस्यच, कारण तिच्या काळात रीस आणि बार्टोलेटासारख्या जणी होत्या. रिओत बार्टोलेटा ७.१७, रीस ७.१५. एका पिढीत तीन जणी एवढ्या चांगल्या असल्या की तिसरीला वाईट वाटायचा हक्कही राहत नाही.

आणि लंडनच्या पाच महिने आधी, मार्च २०१७मध्ये, बेलग्रेडला आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर युरोपीय इनडोअर स्पर्धेत तिने ७.२४ मारली होती. इनडोअर लांब उडीच्या इतिहासात तेव्हा तिच्या पुढे फक्त दोन बायका होत्या, हाइके ड्रेक्सलर आणि गालिना चिस्त्याकोव्हा, दोघीही ऐंशीच्या दशकातल्या. म्हणजे लंडनला ती आली तेव्हा सुवर्णाच्या दावेदारांत तिचं नाव होतं.

बाकीच्या तिघींबद्दल थोडक्यात. रीसचं ते चौथं जागतिक विजेतेपद (२००९, २०११, २०१३, २०१७), शिवाय २०१२चं ऑलिंपिक सुवर्ण तिच्याकडे होतंच. क्लिशिना रशियाची, पण रशियाच्या संघटनेवर डोपिंगमुळे बंदी असल्याने 'तटस्थ खेळाडू' म्हणून उतरलेली, झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही. बार्टोलेटा आदल्या वर्षीची ऑलिंपिक विजेती. त्या रात्री कुणीही जिंकलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

वाळूतली खूण कशाची

नियम लहान आहे, पण त्यातले शब्द तोलून वापरले आहेत. उडी मोजायची ती वाळूत शरीराच्या कोणत्याही भागाने, किंवा खूण उमटली त्या क्षणी शरीराला जोडलेल्या कोणत्याही वस्तूने केलेल्या, फळीच्या सर्वात जवळच्या खुणेपासून टेक-ऑफच्या रेषेपर्यंत. काटकोनात. सेंटिमीटरच्या खालचा तुकडा सोडून द्यायचा, वर न्यायचा नाही.

अनेक प्रेक्षकांना वाटतं की लांब उडी म्हणजे हवेतलं अंतर. तसं नाही. पंच हवेकडे पाहत नाहीत, वाळू वाचतात. तुम्ही सात मीटर दहा सेंटिमीटर उडून आलात आणि तोल जाऊन मागे हात टेकलात तर हाताची खूण मोजली जाते. म्हणून प्रशिक्षक उडीइतकाच वेळ उतरण्यावर घालवतात : टाचा पुढे फेकायच्या, गुडघे मोडून कंबर टाचांच्या खड्ड्यापर्यंत सरकवायची, शक्य झालं तर एका बाजूला कलंडायचं, पण मागे काहीही राहू द्यायचं नाही. ढुंगण टाचांनी केलेल्या खड्ड्यातच किंवा त्याच्या पुढे पडलं पाहिजे. हे जमलं नाही तर दहा-पंधरा सेंटिमीटर सहज जातात, आणि मोठ्या स्पर्धेत दहा सेंटिमीटर म्हणजे सुवर्ण आणि पाचवा क्रमांक यांच्यामधलं अंतर.

आता अशा उतरणाऱ्या बाईच्या पाठीवर एक चौकोनी नंबर आहे असं डोळ्यांसमोर आणा. न फाटणाऱ्या कागदासारखं काहीतरी, चार कोपऱ्यांना पिना. धड पुढे झुकतं, पाठीचं कापड ताणतं, खाली वाकताना नंबर शरीरापासून सुटून मागे उभा राहतो, वाऱ्यात शिडासारखा. शरीर पुढे जातं आणि तो मागे लोंबत राहतो. शरीर सगळं पुढे सरकलं, मागे टेकलं ते फक्त ते कापड. वाळूत तेवढीच एक हलकी ओळ.

आणि ती ओळ मोजायची, नियम तसंच सांगतो.

या नियमात एक गंमत आहे, ती लक्षात घेतली की त्याचा कठोरपणा जास्त जाणवतो. वस्तू 'खूण उमटली त्या क्षणी जोडलेली' असली पाहिजे. म्हणजे तो नंबर उडीतच चारही पिना तोडून निघाला असता आणि वाळूवर स्वतःचा स्वतः पडला असता, तर त्याची खूण धरली गेली नसती. पिना थोड्या अधिक कच्च्या असत्या तर फायदा झाला असता. पिना अधिक पक्क्या असत्या, नंबर अंगाला घट्ट बसला असता, तरीही फायदाच. नुकसान झालं ते मधल्या अवस्थेत, अर्धवट जोडलेला असल्याने.

वेणीचा दाखला

असं पहिल्यांदाच झालं का? नाही. २०११ला डेगूत जागतिक स्पर्धेत बेलारूसच्या नास्तासिया मिरोन्चिक-इवानोवाची वेणी वाळूला लागली होती. उडी ६.७४ धरली गेली आणि त्या दिवशी ती चौथी आली. त्या वेळी सुवर्ण मिळालं ते ६.८२ला, रीसला. पाय कुठे पडले होते आणि वेणी कुठे, याची चर्चा तेव्हा खूप झाली होती.

वेणीच्या बाबतीत मला नियमाबद्दल शंका नाही. केस शरीराचेच. ज्या मुलींना लांब केस ठेवायचे आहेत त्या आंबाडा घालतात, हे आपल्या आश्रमशाळांच्या मुलींनाही माहीत असतं. एक मुलगी मला आठवते, जिच्या आईने मैदानाच्या कडेला बसून दोन वेण्या काढून त्या वर बांधून दिल्या, रिबिनीने, शाळेत घालतात तशा. पिटमध्ये उतरल्यावर रिबीन सुटली नाही. ती आई नियम वाचून आली नव्हती.

चेस्ट नंबरचं तसं नाही. तो खेळाडूने निवडलेला नसतो. आयोजक देतात, लावणं बंधनकारक असतं, आणि जसा दिला तसा लावायचा : कापायचा नाही, दुमडायचा नाही, झाकायचा नाही. म्हणजे जी वस्तू तुम्ही लावायलाच हवी, जिचा आकार तुमच्या हातात नाही, तिच्या खुणेने तुमची उडी छोटी होते. श्पानोविचच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा इथे खरा धारदार होता.

तरीही मी निर्णयाच्या बाजूने आहे, आणि का ते सांगतो. पिटजवळ उभ्या असलेल्या पंचाला वाळूत एक खड्डा दिसतो. कधी दोन, कधी पसरलेला एक. त्यातली कुठली रेघ टाचेची, कुठली शॉर्ट्सची, कुठली नंबराची, हे ठरवायला त्याच्याकडे काही सेकंद असतात. एकदा 'हे शरीराचं नाही, म्हणून सोडून द्या' असं म्हणायला परवानगी दिली की प्रत्येक खड्ड्यावर वाद सुरू होईल, आणि तो वाद सगळ्यात मोठ्याने बोलणारा प्रशिक्षक जिंकेल. मी हे तालुक्याला पाहिलेलं आहे. गावचे सर पिटमध्ये उतरून 'ही खूण आमच्या पोराची नाहीच, आधीच्याची आहे' म्हणतात, आणि दंताळं फिरवणाऱ्या शिपायाला साक्षीला बोलावतात. नियम जितका मुका, तितका पंच सुरक्षित.

तक्रारीला काय करता येतं

तक्रारीची रीत अशी. आधी रेफरीकडे तोंडी, निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत. तिथे नाही पटलं तर अपील समितीकडे लेखी, सोबत १०० डॉलर अनामत. अपील फेटाळलं तर ते पैसे जातात. (एवढी मोठी स्पर्धा आणि १०० डॉलर, पण हेतू पैसे मिळवण्याचा नाही, उगाच कागद करणाऱ्यांना आवरण्याचा आहे.)

फाऊल (अवैध) दिलेल्या उडीच्या बाबतीत खेळाडूला एक संरक्षण आहे. तिने जागेवरच तोंडी आक्षेप घेतला तर रेफरी उडी मोजून ठेवायला सांगू शकतो, म्हणजे पुढे निर्णय बदलला तर माप हातात असतं. पण इथे उडी वैधच होती. आक्षेप होता मापाच्या बिंदूवर. अशा वेळी वाळू पुरावा म्हणून राहत नाही, कारण पुढची खेळाडू रनअपवर उभी असते आणि दंताळं फिरून पिट सपाट झालेलं असतं. लंडनला श्पानोविचनंतर आणखी उड्या व्हायच्या होत्या, क्लिशिनाची आणि रीसची. उरतं ते छायाचित्रण. आजकालच्या मोठ्या स्पर्धांत टेप नसते, कॅमेऱ्याच्या प्रतिमेवर किंवा लेझर उपकरणाने माप घेतात. प्रतिमा जपून ठेवलेली असली तर पुन्हा पाहता येते.

पुन्हा पाहिलं, आणि नंबराची खूण दिसली. इथे माझ्या दृष्टीने प्रकरण निकालाच्या अंगाने संपतं.

ते संपत नाही ते दुसऱ्या अंगाने. फलकावर येतो फक्त आकडा. ६.९१. त्या आकड्यासोबत कुणी 'कुठून मोजलं' हे सांगत नाही. फाऊलला लाल झेंडा असतो, आणि त्या काळी खेळाडू मागे वळून फळीलगतचं प्लॅस्टिसीन (ठसा उमटणारा मऊ लेप) पाहू शकायची, बुटाचा ठसा डोळ्यांनी पाहायची, चरफडायची आणि जायची. मापाच्या बिंदूला असा कुठला झेंडा नाही. जिने उडी मारली तिला आपण वाळूला कशाने टेकलो हे कळत नाही, कारण जे टेकलं त्याला नसा नव्हत्या. हात टेकला असता तर हाताला कळलं असतं. पाठीमागचं कापड टेकलं, ते कुणाला कळणार?

ज्याने माप घेतलं त्याला त्या क्षणी ठाऊक होतं. त्याच क्षणी कुणीतरी वाळूत बोट दाखवलं असतं, 'हे बघ, इथे तुझा नंबर लागला', तर एक सेंटिमीटरही वाढला नसता, पण तक्रार बहुधा वेगळ्या सुरात आली असती. आमच्या जिल्हा स्पर्धेत एक ज्येष्ठ पंच होते, ते प्रत्येक वादग्रस्त उडीला मुलाला हाताला धरून खड्ड्याशी नेत, बोटाने खूण दाखवत, मगच दंताळं फिरवू देत. स्पर्धा लांबायची. संध्याकाळी पाचच्या आत आटपा म्हणून मागून ओरडा व्हायचा. त्यांच्या पिटवर तक्रार मात्र मला आठवत नाही.

पिनांचा हिशेब

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते.

जिल्ह्याच्या स्पर्धेत चेस्ट नंबर वाटताना पिना कमी पडतात. नेहमीच. प्रत्येकाला चार हव्यात, पुढे-मागे नंबर असेल तर आठ. डब्यात असतात त्यापेक्षा मुलं जास्त येतात. मग वाटणारा दोन-दोन देतो, वरच्या दोन कोपऱ्यांना. खालची बाजू मोकळी. धावणाऱ्या मुलाचं काही बिघडत नाही, फार तर फडफड होते. गोळाफेकीत काही नाही. लांब उडीत आणि तिहेरी उडीत मात्र हीच मोकळी खालची बाजू कमरेखाली लोंबते, आणि मुलगा बसला की त्याच्या आधी ती बसते. त्यात टी-शर्ट मोठ्या भावाचा, दोन साइझ मोठा, हेही नेहमीचंच.

एकदा असाच एक मुलगा होता, चौदा वर्षांखालच्या गटातला. टी-शर्टाचं टोक आणि त्याला लटकलेला नंबर, दोन्ही वाळूत. माझ्या सोबतच्या पंचाने टाचेपासून टेप धरली, मी टी-शर्टाच्या रेघेकडे बोट दाखवलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. तो म्हणाला, "सर, पोरगं आहे." मी टी-शर्टापासून मोजलं. पोराचा क्रमांक गेला नाही, तो तसाही पाचवा होता, पण त्या दिवसापासून मी पिटवर उतरणाऱ्या प्रत्येकाला रनअपच्या आधी पाठ फिरवायला सांगतो. टी-शर्ट आत खोच. खालच्या पिना आहेत का. नसतील तर माझ्या शर्टाच्या खिशात एक पुडी असते.

उड्यांच्या स्पर्धांसाठी नियमांत आता एकच नंबर पुरतो, पुढे किंवा मागे. लांब उडीवाल्यांनी तो छातीवर लावावा, असं मी सांगत असतो. छातीवरचा नंबर वाळूला लागला तर तुम्ही तोंडावर पडलेले असता, आणि मग तो तुमचा सर्वात लहान प्रश्न असतो.

एक सेंटिमीटर हा शब्द आपल्याकडे अलीकडे चांगलाच ओळखीचा झाला आहे. ऑगस्ट २०२१मध्ये नैरोबीला २० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत झाशीच्या शैली सिंगने ६.५९ काढली आणि स्वीडनच्या माया ओस्कागने ६.६०. शैली रौप्यावर थांबली, वय १७. तिथे नंबर नाही, वेणी नाही, कसलाही वाद नाही; फक्त उडी कमी पडली. शैली घडली ती अंजू बॉबी जॉर्जच्या बंगळुरूतल्या अकादमीत. तीच अंजू, जिने २००३ला पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ६.७०वर कांस्य घेतलं आणि ॲथलेटिक्समधलं भारताचं पहिलं जागतिक पदक आणलं.

नंतर

श्पानोविचबद्दल लोक लंडनच्या रात्रीवर थांबतात, म्हणून पुढचं सांगायला हवं. सात महिन्यांनी, मार्च २०१८मध्ये, बर्मिंगहॅमला जागतिक इनडोअर स्पर्धेत ती पुन्हा रीससमोर होती. श्पानोविच जिंकली. उडी होती ६.९६. लंडनमध्ये ज्या आकड्याने चौथं ठेवलं, त्याच आकड्याने सुवर्ण, आणि दुसरी आलेली रीस ६.८९वर.

मग टोकियो ऑलिंपिक, २०२१. जर्मनीची मलायका मिहाम्बो ७.००, रीस आणि नायजेरियाची एसे ब्रुमे दोघी ६.९७, दुसरी सर्वोत्तम उडी पाहून रीसला रौप्य. चौथी पुन्हा श्पानोविच. आकडा ६.९१, या वेळी कुठलीही तक्रार नाही.

२०२३च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत ती व्हुलेटा या लग्नानंतरच्या नावाने उतरली, वय ३३. २० ऑगस्टला अंतिम फेरी झाली. तिने ७.१४ काढली आणि तीन कांस्यं आणि दोन चौथ्या क्रमांकांनंतर तिला मैदानी जागतिक सुवर्ण मिळालं. दुसरी आली अमेरिकेची टारा डेव्हिस-वुडहॉल, आणि तिची रौप्यपदकाची उडी होती ६.९१.